एकोणचाळीस मिनिटं

विठूच्या सलूनमध्ये तुळशीरामाचा डावा गाल गुळगुळीत झाला होता आणि उजव्या गालावर साबणाचा फेस अजून तसाच होता, नेमक्या त्या वेळी फळीवरच्या रेडिओतून भगवान बोलला. देव बोलला असता तर तुळशीराम एवढा दचकला नसता. हा उरणच्या कोळ्याचा भगवान. बारा वर्षांपूर्वी याच गावात, पोस्टामागच्या गल्लीतल्या एका खोलीत, एकाच बाकावर तो तुळशीरामाच्या मांडीला मांडी लावून बसत असे. आता मुंबईच्या रेडिओवर श्रुतिका लिहीत होता, त्यांत बोलतही होता आणि गाव त्याचं नाव वरचेवर घेत होतं. तुळशीराम तो आवाज टाळत आला होता. चहाच्या दुकानात, शेजारच्या ओटीवर, कुठंही तो आवाज आला की तुळशीरामाच्या चपलेत खडा जायचा, किंवा स्टँडवर किल्ली राहिल्याची आठवण व्हायची, आणि तो उठून चालू लागायचा. आज मात्र गळ्याभोवती पंचा, पंच्यावर विठूची मूठ, आणि मुठीत वस्तरा. जाणार कुठं?

"तुमची सुरुवात कशी झाली, ते आमच्या श्रोत्यांना सांगाल ना?" रेडिओतल्या बाईंनी विचारलं. बाईंचा आवाज दुधात केशर कालवल्यासारखा.

"सुरुवात पनवेलला झाली," भगवान म्हणाला. "तिथं आमचं सहा भोंग्यांचं स्टेशन होतं."

आमचं! बाकावरच्या तीन गिऱ्हाइकांतला बळीराम, रोडपालीच्या मिठागराचा मुकादम, मांडीवर थाप मारून म्हणाला, "आपला भगवान हो! काय आवाज, काय आवाज! आणि तुळशीरामभाऊ, तुम्हीपण होतात ना तेव्हा तिथं? वायरी ओढायला?"

"वायरी ओढायला नाही," तुळशीराम जबडा न हलवता म्हणाला. "बोलायला."

"असं होय," बळीराम म्हणाला, आणि ते 'असं होय' तुळशीरामाच्या उजव्या गालावर फेसाबरोबर वाळू लागलं.

भगवान सांगत होता. वैशाखातली संध्याकाळ होती. गावात त्या दिवशी सात लग्नं, आणि सातही मांडवांचे कान भोंग्याकडे, कारण मुहूर्ताची वेळ भोंगा सांगणार. खोलीत घड्याळं दोन, एक नव्या वेळेचं आणि एक जुन्या वेळेचं, आणि मुहूर्ताला थोडा अवकाश होता. "तेवढ्यात एक मुलगी आत आली," भगवान म्हणाला. "करंजाड्याहून चालत आली होती. म्हैस हरवल्याची वर्दी द्यायला. आणि बाई, खरं सांगतो, बघायचं होतं घड्याळाकडे आणि बघितलं तिच्याकडे. सात लग्नं एकोणचाळीस मिनिटं उशिरा लागली." केशराच्या बाई खळखळून हसल्या. विठूचा वस्तरा तुळशीरामाच्या कानाखाली थांबला. आरशात तुळशीरामाला चार चेहरे दिसले, आणि चारही त्याच्याकडे बघत होते. मग बळीराम घाईघाईनं म्हणाला, "विठू, लेका, ही बडबड काय लावलीस? गाणी लाव, गाणी," आणि विठूनं साबणाच्याच बोटांनी कान पिरगाळावा तसं रेडिओचं बटण पिरगाळलं.

तुळशीराम उठला. "अर्धीच राहिलीय," विठू म्हणाला. "राहू दे," तुळशीराम म्हणाला, आणि एका गालानं गुळगुळीत, एका गालानं दोन दिवसांची दाढी, अशा अवस्थेत तो भर दुपारी रस्त्यावर आला. तीन वाजता त्याची पाळी होती. एस. टी. स्टँडच्या काचेच्या खोक्यात बसून तो पेण, वडखळ, अलिबाग अशी गावं पुकारायचा, आणि त्याच्या आवाजानं माणसं बोचकी उचलून पळायची. पनवेलात त्याच्यासारखा पुकारणारा नव्हता, हे कोणीही कबूल केलं असतं. पण पुकारणाऱ्याला कोण विचारतो? गाडी लागली की लोक गाडीकडे बघतात.

चूक माझी होती. हे एकच वाक्य त्याच्या डोक्यात, गिरणीचा पट्टा फिरावा तसं, फिरत होतं. चूक माझी होती, माझी स्वतःची, अस्सल. ती या चोरानं मुंबईला नेली आणि बाईंना ऐकवली. माणसाची कोंबडी चोरीला गेली तर तो फौजदाराकडे जाऊ शकतो. चूक चोरीला गेली तर कुणाकडे जायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे ती त्यानं आपल्या हातानं भगवानला दिलेली होती.

सहा भोंग्यांचं स्टेशन जगनशेटनं काढलं. जगनशेट ग्रामोफोन आणि सायकली विकायचा, आणि मुंबईहून आलेली कोणतीही वस्तू उघडून परत बंद करताना त्याच्याकडे दोन-तीन स्क्रू उरायचेच. त्या उरलेल्या स्क्रूंमधूनच स्टेशन तयार झालं, असं लोक म्हणत. बंदरावर एक भोंगा, बाजारात एक, तळ्याकाठी एक, कोळीवाड्यात एक, टपाल नाक्यावर एक, आणि एक मोटारस्टँडवर. सगळे खोलीला तारेनं जोडलेले. वारा बरोबर असला तर करंजाड्याची माणसं तिकडून जबाब देत. खोलीत भोंग्याचा आवाज परत शिरला तर सहाही भोंगे डुकरासारखे किंचाळायचे, म्हणून जगनशेटनं दारंखिडक्यांना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. आत बसलं की बाहेर तोफ उडाली तरी कळू नये. घामाचा, कापसाचा, बॅटरीतल्या आम्लाचा वास. तुळशीरामाला तो वास अजून कधी कधी यायचा, आणि आला की त्याची छाती दोन बोटं रुंद व्हायची. सकाळी मासळीचा भाव, दुपारी मुंबईच्या बातम्या, संध्याकाळी हरवलेलं-सापडलेलं. एक दिवस तो, एक दिवस भगवान. ज्याची पाळी नसेल त्यानं सायकलवरून सहा भोंग्यांची फेरी करून तारा बघायच्या.

भगवान कागदावर लिहून आणायचा आणि वाचायचा. तुळशीरामाला कागद लागत नसे. तो गव्हाणच्या आगऱ्याचा पोर. बांधावरून बांधावर हाक मारत वाढलेला. त्यानं नुसतं "ऐका हो ऐका" म्हटलं की बंदरावरच्या होड्या थबकत, असं तो सांगे. होड्या खरंच थबकत होत्या की ओहोटीनं चिखलात बसलेल्या असत, हे कोणी तपासलं नाही. एकदा त्यानं पापलेटचा भाव सांगितला तर कोळणींनी तोच भाव धरला, बाजारात भाव वेगळा असूनही. तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. वस्तू आधी असते आणि आपण ती सांगतो, असं नाही. आपण सांगतो आणि मग ती असते.

आणि ती संध्याकाळ. त्या काळी सरकारची नवी वेळ आणि जुनी मुंबईची वेळ अशा दोन वेळा चालत. जुनी वेळ नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागं. जगनशेटच्या बापाचं लंबकाचं घड्याळ जुन्या वेळेचं होतं. बाप मेला तरी शेटनं त्याचा काटा पुढं केला नाही. म्हणे बापाला घाई आवडत नसे. शेजारी नव्या वेळेचं वाटोळं घड्याळ. मुहूर्त नव्या वेळेनं सात वाजून पाच मिनिटांचा. तुळशीरामानं भोंग्यावरून सांगितलं, "मंडळी, मुहूर्ताला अवकाश आहे, भोंग्याकडे लक्ष असू द्या," बटण दाबलं, आणि गादी लोटून ती आत आली. परकराचा काठ चिखलानं भरलेला, कपाळावर घाम, आणि धाप लागल्यामुळे तिला पहिला शब्द सापडेना. शकू. तिच्यामागं भिंत होती आणि भिंतीवर जुनं घड्याळ होतं. तिच्याकडे बघताना नजर उचलली की तेच दिसायचं, आणि त्यात सव्वासहा वाजले होते. म्हणजे पुष्कळ वेळ आहे. मग तो बोलला. काय बोलला ते त्याला पुरतं आठवत नव्हतं, पण चांगलं बोलला असणार, कारण बोलताना त्याला स्वतःचाच आवाज गुळासारखा लागत होता. जुन्या घड्याळात सात वाजून पाच झाले तसं त्यानं बटण दाबलं आणि छातीतून सगळा वारा काढून म्हटलं, "शुभमंगल सावधान!" गादी बाजूला करून बाहेर पाहिलं तर आभाळात चांदण्या. सूर्य केव्हाच गेला होता.

हीच ती गोष्ट. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. सूर्य मावळला, गुरं गोठ्यात आली, कंदील लागले, आणि तरी सात मांडवांत अंतरपाट धरून माणसं उभी राहिली, का? तर भोंगा बोलला नव्हता. डोळ्यांनी दिसणारा सूर्य त्यांनी खोटा मानला आणि तुळशीरामाच्या शब्दाची वाट पाहिली. असा मान कोणत्या राजाला मिळाला? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा सात घरची मंडळी, दोन भट आणि एक धवलारीण जगनशेटच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली, आणि शेटनं विचारलं, "काल संध्याकाळी खोलीत कोण होतं?" तेव्हा हा राजा म्हणाला, "भगवानची पाळी होती."

भगवान दाराशी उभा होता, सायकलला टेकून. त्यानं तुळशीरामाकडे पाहिलं. फार वेळ नाही. घोट गिळायला लागतो तेवढाच. मग म्हणाला, "हो, मीच होतो. एक नाटुकलं लावलं होतं. त्यात वेळेचं भान राहिलं नाही." पायरीवरची मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. धवलारीण सोनाबाई, जी आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या जागी बसून धवले गाते आणि लग्न लावते, ती तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाली, "नाटुकला व्हता तर नाटुकला व्हता. उठा गो." नाटुकलं! तुळशीरामाला तेव्हाही ती सबब मूर्खपणाची वाटली होती. भगवानला शेटनं काढलं. तो दुसऱ्याच दिवशी सकाळच्या लाँचनं मुंबईला गेला. वर्षभरात स्टेशनही बंद पडलं. भोंगे भजनी मंडळानं नेले.

बारा वर्षं तुळशीराम ती चूक छातीशी धरून बसला होता. सांगता येत नव्हती, कारण सांगितली की खोटेपणा सांगावा लागला असता. किती वेळा स्टँडवर, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या घोळक्यात, जिभेच्या टोकापर्यंत आली होती. भूत पाहिल्याच्या, वाघाच्या पाठीवर चुकून हात ठेवल्याच्या, खाडीत सापडलेल्या बोलक्या शिंपल्याच्या शंभर खोट्या गोष्टी त्यानं त्यांना सांगितल्या. एकच खरी होती ती मात्र गिळून टाकली. आणि आज ती भगवानच्या तोंडून, केशराच्या बाईंच्या हसण्यात बुडवून, गावानं ऐकली.

पण हे सगळं एका बाजूला. तळ्याला वळसा घालता घालता त्याच्या ध्यानात आली ती दुसरीच गोष्ट, आणि तो उन्हात उभाच राहिला. मुलगी. म्हैस. करंजाड्याहून चालत. हे भगवानला कसं कळलं? त्या संध्याकाळी तो सायकलवर होता. खोलीत दोनच माणसं होती. तुळशीरामानं आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. मग उरलं कोण?

उरली शकू. महिन्याभरात तिच्या बापानं आपण होऊन मागणीचा नारळ पाठवला आणि ती तुळशीरामाची बायको झाली. आजवर त्याला वाटे, सासऱ्यानं आपली कीर्ती ऐकली असणार. आता पायाखालची वाळू एकदम गरम झाली आणि एकेक गोष्ट उठून पुढं येऊ लागली. दर गुरुवारी दुपारी शकू शेजारच्या कमळाबाईकडे रेडिओ ऐकायला जाते. गुरुवारीच का? श्रुतिका असते म्हणून. श्रुतिका कोण लिहितो? बहिणीच्या बाळंतपणाला ती परळला जाऊन दीड महिना राहिली. परळहून रेडिओचं ऑफिस किती लांब? त्यानं मनातल्या मनात ट्राम धरली, उतरला, जिना चढला, आणि दारामागं शकूचा आवाज ऐकला. त्याला ट्रामचा नंबरसुद्धा दिसला. धाकटी मालू जन्मली तेव्हा तिच्या नाकाकडे बघून शकू म्हणाली होती, "यो नाक कुनाचा आनला गो?" सगळे हसले होते. तोही हसला होता, गाढव. भगवानचं नाक कसं होतं? त्याला आठवेना. बारा वर्षं एवढा द्वेष केला त्या माणसाचा आणि नाकाकडे लक्ष दिलं नाही! मत्सराला एक चव असते, जिभेखाली तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी. ती गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. स्टँडवर आपण पेण, वडखळ म्हणून घसा कोरडा करतो, ते ऐकून ही घरात मान तरी वर करते का? आणि भगवान मुंबईत खाकरला तरी हिचा हात भाकरीवर थांबत असेल.

शकू ओटीवर बसून जवळा निवडत होती. मांडीवर सूप. त्याला पाहून तिचा हात थांबला.

"ह्ये काय? अर्धीच करून आलाव?"

"तू गेली होतीस कमळाबाईकडे?" त्यानं माइकवरच्या शुद्ध भाषेत विचारलं. रागावला की तो सुरुवात शुद्ध करी.

"आताच आले."

"ऐकलंस?"

"आयकला." तिनं जवळ्यातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "बरा बोलला भगवान."

"बरा बोलला! म्हशीचं त्याला कोणी सांगितलं?" शुद्ध भाषा इथं संपली. "तू आली व्हतीस त्या खोलीत, ह्या त्याला कोनी सांगितला? खरा बोल, शकू. आज मी आयकून घेनार नाय दुसरा काय."

शकूनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, चोरी नव्हती. नवल होतं, आणि ते हळूहळू वाढत गेलं, भरतीचं पाणी खाजणात चढतं तसं. "तुमाला खराच ठाव नाय?" ती म्हणाली. "अगो बाय माजे. बारा वरसा... मना वाटायचा तुमी येड घेऊन पेडगावला जाताव."

"कोनी सांगितला?"

"तुमी. तुमीच सांगितलाव. सगल्या पनवेलला."

तो बसला. ओटीचा दगड तापलेला होता तरी बसला.

"त्या दुपारी शेटनी नवा बटन बसवला व्हता," शकू म्हणाली. लहान मुलाला चंद्र दाखवावा तशी ती सावकाश सांगत होती. "उलटा बसवला. त्याचा काय सरल व्हता? तुमाला वाटला बंद केलाव. ता चालू झाला. मी आत आले, धाप टाकली, ती बंदरावर आयकू गेली. तुमी माजा नाव इचारलाव, गाव इचारलाव. स्वताचा नाव सांगितलाव, गव्हानचा तुळशीराम म्हनून. आन मंग काय काय लावलाव! शेट गाढव हाय, त्याला तार कलत नाय. भटाला पंचांग वाचता येत नाय, मीच त्याला सांगतो. मी बोललो नाय तर पनवेलला सूर्य बुडत नाय."

"ह्या आयकला लोकांनी?"

"भट मांडवातच व्हता ना."

"मग कोन धावत का नाय आला? सांगायला?"

"कोन येल? जत्रा सोडून कोन जातो? एकजन निघाला व्हता सायकल घेऊन, त्याला बायांनी धरून बसवला. अंतरपाट धरलेली पोरा दमली, म्हनून पाट खाली ठेवला नि नवरा-नवरी पन आयकत बसली. मुहूर्त कुनाला पायजे? तुमी मना बोललाव, तुजी म्हस कशी हाक मारल्यावर येते ता दाव. मी हाक मारली. तवा म्हस बंदरावर व्हती. ती भोंग्याखाली जाऊन उभी रायली नि वर बघून हंबरली. माज्या बापाला तिथंच गावली."

सूर्य गेला आणि माणसं उभी राहिली. हो, राहिली. पण त्याच्या शब्दासाठी नाही. तो बडबडत बसला होता आणि गाव त्याला ऐकत, कोपरानं एकमेकांना ढोसत, तोंडात पदर कोंबून उभं होतं. त्यानं शेवटच्या फळीला हात घातला. "पन सावधान तर मीच बोललो. त्यानीच लगना लागली."

"तवा तुमी बटन दाबलाव नं? उलटा बटन. कट्ट करून बंद झाला. तुमचा सावधान तुमी नि मीच आयकला. भोंगा गप झाला तशी सोनाबाई बोलली, संपला गो बायांनो, घ्या अक्षता."

अंगणात कोंबडी जवळ्याच्या सूपाकडे मान वाकडी करून आली. शकूनं तिला हाकललं. विठूच्या आरशातले चार चेहरे तुळशीरामाला दिसले. बळीरामाचं 'असं होय' ऐकू आलं. बारा वर्षं तो या गावातून ताठ मानेनं चालला होता, आणि ज्या पायरीवर त्यानं "भगवानची पाळी होती" म्हटलं त्या पायरीवरच्या प्रत्येक माणसाला खरं ठाऊक होतं. चौदा-पंधरा माणसं. आणि भगवानला.

"मग बोलली का नायत मानसा?"

"माज्यासाठी. कुवारी पोर, पाऊन तास परक्या बाप्याशी एकटी खोलीत, नि नाव-गावासकट भोंग्यावर. कोनी करून घेतली असती मना? भगवाननी ता झाकला. बोलला, नाटुकला व्हता, मी लिवला, मी लावला. सोनाबाईनी त्याच रोजी घरोघर जाऊन सांगितला, जो कोन या पोरीचा नाव काढील त्याच्या घरी मी धवला गानार नाय. मंग कोन बोलतो?" तिनं सूप पाखडलं. "पुढचा तुमी आयकलाव नाय वाटता रेडिओवर. बोलला, तीच माजी पयली श्रुतिका. मुंबईला गेला तवा तीच लिवून दावली नि काम लागला त्याला."

म्हणजे ते शब्दही गेले. त्या संध्याकाळी गुळासारखे लागलेले, आपल्यालाच न आठवणारे शब्द भगवाननं सायकलला टेकून कुठल्याशा भोंग्याखाली ऐकले, लक्षात ठेवले, आणि कागदावर उतरवून मुंबईला विकले. तुळशीरामानं दातांवर दात ठेवले. आणि तरीही त्याच्या मनाला सुटका नव्हती. जिभेखालचा पैसा वितळला नव्हता, फक्त दुसऱ्या बाजूला गेला होता.

"तुला तो आवडला व्हता," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

शकूनं सूप खाली ठेवलं. उत्तर द्यायला तिनं वेळ घेतला, आणि त्या वेळात तुळशीरामानं दोनदा ट्राम धरली आणि दोनदा उतरला.

"बापानी मना इचारला," ती म्हणाली. "बोलला, पोरी, तुला कोन पायजे? जो बोलला तो, का ज्यानी झाकला तो? मी बोलले, झाकला तो." ती त्याच्याकडे बघत नव्हती, उन्हाकडे बघत होती. "बाप त्याच रोजी सांजचा गेला त्याच्याकडं. तो नको बोलला."

"का?"

"बोलला, मी तल्याच्या भोंग्याखाली व्हतो. तिला हसताना आयकला मी. तुळशीरामाशी बोलताना हसली ती. काका, माज्याशी ती तशी हसायची नाय, नि मी रोज तीच वाट बघत बसन. माज्यानी ता व्हयाचा नाय. नि दुसऱ्या रोजी लाँचनी गेला."

तुळशीरामानं ते पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. भगवान जळला होता. मुंबईच्या रेडिओवरचा, केशराच्या बाईंना हसवणारा भगवान, गव्हाणच्या तुळशीरामावर जळून गाव सोडून गेला होता. ही बातमी कालपर्यंत कोणी आणली असती तर त्यानं सबंध स्टँडला चहा पाजला असता. आता ती हातात आली तर तिचं काय करावं कळेना. कारण त्यानं ते हसू शोधायला सुरुवात केली होती, आणि ते सापडत नव्हतं. त्यानं खोलीची गादी लोटली, आत गेला, घामाचा नि आम्लाचा वास घेतला, चिखलानं भरलेला परकर पाहिला, तिचं तोंड उघडलेलं पाहिलं. पण आवाज म्हणून जो यायचा तो त्याचा स्वतःचाच. मी. माझा भोंगा. माझा शब्द. माझा सूर्य. बंदरानं ते हसू ऐकलं होतं. कोळीवाड्यानं, बाजारानं, सात नवऱ्यांनी आणि सात नवऱ्यांच्या बायकांनी ऐकलं होतं. भटानं ऐकलं, बळीरामानं ऐकलं. म्हशीनंसुद्धा ऐकलं होतं. एक माणूस ते ऐकून गाव सोडून गेला आणि अजून बाईंना त्याच्याबद्दल सांगत होता. सगळ्या पनवेलात एकच माणूस असा होता की ज्याच्यापासून ते हसू हातभर अंतरावर होतं आणि ज्याच्यापाशी आज त्यातलं काहीही नव्हतं. त्या चोवीस वर्षांच्या, छाती फुगवून बसलेल्या पोराचा त्याला इतका हेवा वाटला की भगवानचा कधी वाटला नव्हता. त्याचं बखोट धरून त्याला त्या बाकावरून उठवावं आणि आपण बसावं असं वाटलं.

स्टँडकडून भोंग्याचा आवाज आला. सकाळच्या पाळीचा माणूस पेणची गाडी पुकारत होता, आणि वाईट पुकारत होता. तीन वाजायला आले होते. शकूनं निवडलेला जवळा पातेल्यात ओतला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत निघाली.

"शकू," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "कशी हसली व्हतीस गो?"

ती उंबऱ्यात थांबली. पातेलं कमरेवर, चेहरा अर्धा उन्हात, अर्धा आत. तिला दया आली की राग आला हे त्याला बाहेरून दिसेना.

"मना काय इचारताव?" ती म्हणाली. "मी हसत व्हते. हसनाऱ्याला काय आयकू येतो? समोर तुमी व्हताव."

"मी आयकला नाय."

"कसा आयकाल? तुमी बोलत व्हताव."